काटेसाहेबांच्या घरचा काटा

काटेसाहेबांचा कुणावरच विश्वास नव्हता असं म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. पितळेवर होता, लोखंडावर होता. माणसावर तेवढा नव्हता, आणि त्याला कारण होतं. अख्खी नोकरी त्यांनी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. बाजाराच्या तोंडाशी त्यांची छत्री दिसली की दुकानदार एकमेकांना खुणावायचे, "आले काटेसाहेब!" मग पारड्याखालची लोहचुंबकं खिशात जायची, पारड्यावरचे अंगठे मागे जायचे आणि सगळा बाजार अर्धा तास सज्जन व्हायचा. ते नाव त्यांना इतकं चिकटलं, की बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची.

निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. ब्रेडचं पाकीट घरात आलं की आधी हातावर तोलून बघायचं. औषधाची बाटली उजेडात धरून पातळी बघायची. दूधवाल्याने तर त्यांच्या दाराशी माप ओतताना देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती.

"अहो, पुरे आता," बायको म्हणायची. "पगार बंद झालाय तुमचा."

"पगार बंद झालाय, डोळे नाहीत," काटेसाहेब म्हणायचे आणि पुन्हा बाटली उजेडात धरायचे.

अशा माणसाच्या घरात, त्यांना न विचारता, एक काटा आला! तोही लेकीने पाठवलेला.

झालं होतं असं. बायकोचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक नाव आहे, पण साध्या भाषेत सांगायचं तर पंपात जोर उरला नव्हता आणि अंगात पाणी साठत होतं. वर्षभरात दोनदा तिला श्वास घेता येईना म्हणून धावपळ करून दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला, आत ती नळ्या लावून पडलेली असताना, काचेच्या भिंतीबाहेर लेक म्हणाली, "बाबा, हे आता तुमच्याच्याने व्हायचं नाही. पुन्हा असं झालं तर मी आईला माझ्याकडे नेणार. माझ्याकडे जास्तीची एकच खोली आहे, तिची खाट कशीबशी बसेल. तुम्ही दादाकडे जा."

दादा म्हणजे मुलगा. तो इतका लांब राहायचा, की त्याच्याकडे सकाळ व्हायची तेव्हा इकडे दिवे लागलेले असायचे.

यावर काटेसाहेब काय म्हणाले? काही नाही. दोन रात्री बाकावर काढल्या होत्या, पाय बोलत होते, डोकं बधिर झालं होतं. त्यांनी मान हलवली. बास, एवढंच. बायको त्या खेपेला बरी होऊन घरी आली, आणि काटेसाहेब हळूहळू स्वतःला सांगायला लागले की हा सगळा लेकीचा डाव आहे, आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. हलवलेली मान ते सोयीस्करपणे विसरले. बायकोला मात्र यातलं काही कळता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि मग तो काटा घेऊन केंद्राचा माणूस दारात उभा राहिला.

केंद्र म्हणजे दवाखान्याचंच एक अंग. तिथे म्हणे नर्सबाई पडद्यासमोर बसतात आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांचे आकडे बघतात. माणसाने तीन वस्तू काढल्या. मनगटावर बांधायचा एक पट्टा, वजनाचा चपटा काचेचा काटा, आणि हिरवा दिवा लुकलुकणारी एक पांढरी डबी. ती काट्याचा आकडा दाखवणार होती आणि हे सगळं केंद्राला कळवणार होती.

"काकूंनी रोज सकाळी, चहाच्या आधी, काट्यावर उभं राहायचं," तो म्हणाला. "अंगात पाणी साठायला लागलं की दम लागायच्या बऱ्याच आधी वजन वाढतं. आपल्याला आधी कळलं की पुढचा गोंधळ टळतो."

"आकडा जातो कुणाकुणाला?" काटेसाहेबांनी विचारलं.

"केंद्राला. आणि ताईंना, त्यांच्या फोनवर."

काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. ताईंना? म्हणजे इथे आकडा वाढायची खोटी, तिकडे लेक गाडीत बसणार!

"आणि वाढला तर?"

"तर आम्ही फोन करू, डॉक्टरांना विचारू, पुढचं बघू."

"पुढचं म्हणजे काय?"

"ते डॉक्टर ठरवतील," तो म्हणाला. त्याला अजून चार घरं करायची होती. काट्याला सपाट जागा हवी म्हणून त्याने दिवाणखान्याचा मधला भाग दाखवला, पण बायको म्हणाली, "नको, तिकडे बोळात ठेवा, बेसिनपाशी. चक्कर आली तर धरायला काहीतरी असावं." त्याने ठेवला आणि गेला.

तो वळल्याबरोबर काटेसाहेबांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या सहकाऱ्यांनी दिलेली पितळी वजनं तिच्यात होती, मखमलीच्या खाचांत एकेक बसवलेली. ते गुडघ्यांवर बसले. आधी मध्ये वजन ठेवलं, मग चारही कोपऱ्यांवर. काटा उलटा करून पाहिला, खाली चुंबक नाही, चिकटवलेलं काही नाही. पुन्हा वजन ठेवलं. आकडा जिथल्या तिथे, तसूभर इकडेतिकडे नाही.

एवढ्यात फोन वाजला.

"काका, मी केंद्रातून बोलतेय," एक गोड आवाज म्हणाला. "काकू बऱ्या आहेत ना? त्यांचं वजन पाच किलो आलंय हो."

"काटा तपासत होतो," काटेसाहेब म्हणाले.

"अगंबाई! तपासा की. पण तपासताना पांढऱ्या डबीची कळ बंद ठेवत चला, नाहीतर आम्ही इकडे घाबरतो."

फार गोड बोलते, काटेसाहेबांना वाटलं. गोड बोलणाऱ्या दुकानदाराचा काटा त्यांनी नेहमी दोनदा तपासला होता. त्या दिवसापासून त्या नर्सबाईचं नाव त्यांच्या लेखी 'गोडबोली' पडलं, आणि तिचा फोन आला की ते आधी तिचीच उलटतपासणी घ्यायचे. आणि ती पांढरी डबी आपलं बोलणंही ऐकत असणार अशी शंका आल्यामुळे तिच्यावर त्यांनी जुना टॉवेल टाकला. बायको हसून हसून दमली. "ऐकू दे की! तुमची भुणभुण ऐकून तीच स्वतःहून बंद पडेल."

सकाळची रीत ठरून गेली. बायको बोळात काट्यावर उभी राहायची. काटेसाहेब आधी समोर उभे राहून बघायला गेले, तर तिने त्यांना हाकललं. "जा बघू तिकडे! वजन करताना नवरा टक लावून बसलाय, मला काय बाजारातली भाजी समजलात? तो टॉवेल काढा आणि डबीवर आकडा उमटतो तो बघा." ते त्यांना पटलं. खात्यात नव्या पोरांना ते हेच शिकवायचे, की दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नका, तोंड फसवतं. नजर आकड्यावर ठेवा. ते स्वयंपाकघरात डबीपाशी उभे राहायचे. आकडा उमटायचा आणि तो कालच्याइतकाच असायचा. मग ते सुटकेचा निःश्वास टाकून चहाचं आधण ठेवायचे. कारण आकडा वाढणं म्हणजे दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे ती इकडे नि आपण तिकडे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

लेकीचा फोन यायचा. "बाबा, आईचं वजन अगदी छान आहे हं. मला वाटलं नव्हतं."

"काय वाटलं नव्हतं?" ते लगेच धारेवर धरायचे.

"काही नाही हो! बरं आहे एवढंच म्हणतेय."

वाईट वाटलं असणार तिला, ते मनात म्हणायचे. बेत फसला ना!

पण मग एक दिवस बायकोच्या सपाता तिच्या पायात जाईनात. तिने त्या सहज बाजूला सारल्या आणि काटेसाहेबांच्या सपाता घातल्या. "तुमच्या मऊ आहेत," म्हणाली. काटेसाहेबांनी काही विचारलं नाही. पुढे मोज्यांच्या काठाचे वळ तिच्या घोट्यावर दिसायला लागले, आणि ते संध्याकाळपर्यंत जाईनात. उशी एक होती ती दोन झाली, दोनच्या तीन झाल्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येईपर्यंत ती मध्येच थांबायची आणि भिंतीवरचं चित्र बघितल्यासारखं करायची. ते चित्र लग्नानंतर लगेच टांगलेलं होतं. त्यात बघण्यासारखं आता काय राहिलं होतं?

आणि आकडा? आकडा जागचा हलत नव्हता.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे काटेसाहेबांना कळत होतं. पायावर सूज आहे आणि वजन तेवढंच, हे कसं? त्यांनी डबीची कळ बंद करून पुन्हा पितळी वजनं ठेवून पाहिली. काटा खरा. मग डबी खोटी असेल. मग केंद्रातच कुणी आकडे बदलत असेल. मग लेकीनेच काही सांगून ठेवलं असेल, की एकदम मोठं काही होऊ दे म्हणजे नेता येईल. असले भलतेसलते विचार! एका लेकीबद्दल बापाने करावेत असे ते नव्हते, आणि केल्यावर त्यांनाच ओशाळं वाटायचं. पण फोन उचलून सरळ विचारावं, असं काही त्यांना वाटलं नाही. आणि का वाटलं नाही ते मी सांगतो. आकडा चांगला होता ना! चांगल्या आकड्याच्या आड ते दोघं सुखाने एका घरात राहत होते. मग कशाला तोंड उघडा?

तोंड उघडायची वेळ गोडबोलीनेच आणली.

"काका, काकूंचं वजन एकदम स्थिर आहे," ती फोनवर म्हणाली. "पण मनगटावरच्या पट्ट्यात ठोके वाढलेले दिसतायत, आणि झोपही नीट नाही. पायावर सूज आहे का हो त्यांच्या?"

काटेसाहेबांनी समोर पाहिलं. बायको खुर्चीत बसून त्यांच्याकडेच बघत होती. पाय त्यांच्या सपातांमध्ये होते, आणि आता त्यासुद्धा भरल्या होत्या. तिने हळूच पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नाही," काटेसाहेब म्हणाले. "सूजबीज काही नाही."

"नक्की ना?"

"मी खोटं बोलतोय का?" ते गरजले आणि फोन ठेवला.

आयुष्यभर खोट्या मापांवर दंड ठोकलेला माणूस तो. त्या दिवशी त्यांना चहा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रद्दीवाला आला. जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग साठला होता. काटेसाहेबांनी गठ्ठे बांधून दारात ठेवले. रद्दीवाल्याने आपला हुकाचा काटा काढला, गठ्ठा अडकवला, उचलला, आणि आकडा सांगितला. काटेसाहेबांनी खाली पाहिलं. गठ्ठ्याच्या बुडाला त्याचा गुडघा हळूच टेकलेला होता.

"गुडघा काढ," काटेसाहेब म्हणाले.

"कुठे काय साहेब?"

"काढ म्हणतो ना! अर्धं वजन तुझ्या गुडघ्यावर आहे. मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?"

त्याने गुडघा काढला. काटा झपकन खाली गेला. तो ओशाळून हसला, "सवय आहे हो साहेब, गठ्ठा हलतो म्हणून टेकवतो." एरवी काटेसाहेबांनी त्याला उभा आडवा घेतला असता. पण ते गुडघा टेकला होता त्या जागेकडेच बघत राहिले.

विकणारा वजन वाढवतो, घेणारा कमी करतो. ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांची सगळी हयात विकणाऱ्यांमागे गेली होती. पारड्यावर दाबणारा अंगठा त्यांना अंधारातसुद्धा दिसला असता. खालून अलगद उचलून धरणारा हात मात्र ते शोधायला कधी गेलेच नव्हते. आणि खात्यातला पहिला धडा काय होता? काट्यात खोट दिसली की विचारायचं, फायदा कुणाचा? ते इतके दिवस लेकीला धरून बसले होते. अरे, पण लेकीला फायदा वजन वाढण्यात होता! कमी दिसण्यात फायदा कुणाचा? ज्याला इथून जायचं नाही त्याचा.

"साहेब, रद्दी द्यायची ना?" रद्दीवाला विचारत होता.

"ने, ने सगळी," काटेसाहेब म्हणाले आणि आत आले. बायको खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मनात एक वेडी आशा होती, की आपला संशय खोटा ठरावा. आजवर त्यांना असं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी ती बोळात गेली. "टॉवेल काढलात का?" तिने विचारलं.

"काढला," ते स्वयंपाकघरातून म्हणाले, आणि अनवाणी पावलांनी बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

ती काट्यावर उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून. उजवा हात बेसिनच्या काठावर होता. नुसता टेकलेला नव्हता हो! कोपर ताठ, खांदा वर चढलेला, तळव्यावर सगळा भार. नजर पायाशी आकड्यावर. आकडा चढायला लागला की ती हातावर आणखी जोर द्यायची, फार उतरला की किंचित सोडायची, आणि कालचा आकडा आला की श्वास रोखून तिथेच थांबायची. असला सफाईदार हात अख्ख्या बाजारात नव्हता. दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या आणि मानेवर घाम होता. सकाळी सकाळी, चहाच्या आधी, ती रोज हे करत होती.

"हात काढ," काटेसाहेब म्हणाले. आवाज बाजारातलाच निघाला, त्यांच्या इच्छेविरुद्ध.

ती दचकली, पण हात काढला नाही. आरशात तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"काढला तर न्यायला येतील," ती म्हणाली.

"कोण म्हणालं तुला?"

"म्हणायला कशाला हवं कुणी? मी आत पडले होते ना, काचेपलीकडे. लेक बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं, पण ती हाताने दाखवत होती. माझ्याकडे बोट केलं आणि स्वतःकडे नेलं. तुमच्याकडे बोट केलं आणि लांब कुठेतरी नेलं. आणि मग तुम्ही मान हलवलीत."

काटेसाहेब म्हणाले, "तू झोपेत होतीस तेव्हा. नाकात नळी होती."

"नळी नाकात होती, डोळ्यांत नव्हती."

बोळात कपडे धुताना बसायचं स्टूल होतं. काटेसाहेब त्यावर बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या स्टुलावर कळलं.

"मग मला विचारायचंस," ते शेवटी म्हणाले.

"काय विचारायचं? तुम्ही आणि कुणाच्या म्हणण्याला मान हलवणार? दूधवाल्याला कधी हलवली नाहीत. मला वाटलं, खरंच दमलात माझ्यापायी. दमलेल्या माणसाला काय विचारायचं?" एवढं बोलून तिला दम लागला. ती बेसिनवर वाकली आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागली.

काटेसाहेब उठले. "आता खरं वजन करायचं."

"मोकळं उभं राहवत नाही हो मला. आधी नाटक होतं, आता खरंच धरावं लागतं."

"मग मला धर."

"आणि आकडा?"

"धडा करू," काटेसाहेब म्हणाले. दुकानात तेल घ्यायला डबा घेऊन गेलं, तर तेल काही हवेत मोजत नाहीत. आधी रिकामा डबा तोलायचा, तो धडा. मग डब्यासकट तेल तोलायचं आणि डबा वजा करायचा. त्यांनी काटा ओढून बोळाच्या मध्ये आणला, बेसिनपासून लांब. आधी स्वतः चढले आणि आपला आकडा पाहून घेतला. मग उतरले नाहीत. पाय एका कडेला सरकवले, हात पसरले आणि म्हणाले, "ये."

ती चढली. काट्यावर चार पावलं मावेनात, तिची बोटं त्यांच्या पावलांवर आली. तिने त्यांच्या पाठीमागून घट्ट सदरा धरला. तिच्या छातीतली घरघर त्यांना स्वतःच्या छातीशी ऐकू येत होती. इतके जवळ ते कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते.

"फुटेल तो," ती त्यांच्या खांद्यात म्हणाली.

"नाही फुटायचा. मागे लिहिलंय किती झेपतं ते. वाचलंय मी."

"तुम्ही नाही वाचणार तर कोण?"

आकडा स्थिरावला. काटेसाहेबांनी मनातल्या मनात आपला धडा वजा केला. उरलं ते कालच्या आकड्याहून चांगलं पाच किलो जास्त होतं. एवढं पाणी अंगात घेऊन ही बाई रोज त्यांना चहात साखर कमी पडली का विचारत होती!

फोन वाजला. वाजणारच होता.

"काका, काट्यावर कोण चढलंय?" गोडबोलीने विचारलं. "काकूंच्या नावावर आधी त्यांचं रोजचं वजन आलं, मग भलतंच, आणि आता तर दीड माणसाचं आलंय."

"दोन माणसांचं आहे," काटेसाहेब म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बेसिनवरचा हात सांगितला, घोटे सांगितले, उशा सांगितल्या. "सूज नाही म्हणालो होतो. खोटं बोललो. आहे, आणि बरेच दिवस आहे."

मग गोडबोलीचा गोडवा पार गळून पडला. "अहो काका, वजन वाढलं म्हणून आम्ही माणसाला उचलून नेतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? वजन वाढलं की आम्ही डॉक्टरांना विचारून गोळी वाढवतो! एक गोळी! दवाखान्यात जायलाच लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगू देता का तुम्ही? मी फोन केला की माझीच उलटतपासणी! तुमचा पगार कोण देतं, आकडे कोण बघतं, डबी काय ऐकते. मी बोलणार कधी?"

"मग आता द्या गोळी," ते हळू आवाजात म्हणाले.

"आता गोळीवर भागायचं नाही. गाडी पाठवतेय. काकूंना बसवूनच ठेवा, आडवं करू नका. आणि घाबरू नका, वेळेवर सांगितलंत म्हणायचं. उद्यावर गेलं असतं तर मला कसलीच खात्री देता आली नसती."

त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं, पाठीला सगळ्या उशा लावल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिला आकडे दिसले होते.

"बाबा, मी निघतेय. सरळ दवाखान्यात येते. आणि यावेळी मात्र आपलं ठरलं होतं तसं..."

"ठरलं होतं," काटेसाहेब म्हणाले. "मी मान हलवली होती. ती मी परत घेतो."

"बाबा, ही वेळ आहे का हे बोलायची?"

"हीच आहे. ती समोर बसलीये, ऐकतेय. तुझा काही दोष नाही, तू काळजीपोटी बोललीस. दोष माझा आहे, मी दमलो होतो आणि मान हलवली. तुझ्याकडे न्यायचं असेल तर ने, पण मग दोघांना ने. खाट बसत नसेल तर मी जमिनीवर झोपेन. नाहीतर आम्ही इथेच राहू आणि त्या गोड बाईचं मुकाट्याने ऐकू. पण तेल एकीकडे आणि डबा एकीकडे, असं मी होऊ द्यायचा नाही."

लेकीला तेलाचं काही कळलं नाही. पण बापाचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "आधी तिला घेऊन या बाबा," ती म्हणाली. "मग बसून बोलू. तिघं मिळून बोलू."

काटेसाहेबांनी पिशवी काढली. बायकोचे कपडे भरले, तिच्या गोळ्या भरल्या. खुर्चीतून ती सगळं बघत होती. आणि कसं बघत होती म्हणाल, तर काटेसाहेब दुकानदारांकडे बघायचे ना, अगदी तसं.

"फोनवर बोललात ते खरं की मला ऐकवायला?" तिने विचारलं.

"खरं."

"पिशवी दाखवा."

काटेसाहेब कपाटापाशी गेले, आपले दोन सदरे घेतले, दाढीचं सामान घेतलं, मफलर घेतला, आणि पिशवी तिच्यासमोर उघडी धरली. तिने सुजलेला हात आत घातला. वरवर नाही, अगदी तळापर्यंत. एकेक वस्तू चाचपली. तिचा परकर बाजूला केला, त्यांचा सदरा ओढून खरंच त्यांचाच आहे का ते पाहिलं, मफलर हातात धरून ठेवला. काटेसाहेब पिशवी धरून उभे होते, खरेपणाचा शिक्का मिळेल की दंड होईल याची वाट बघत. खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"चष्मा राहिला तुमचा," ती म्हणाली. "जा, घेऊन या."